मोकळा वेळ मिळतो, पण मोकळं वाटत नाही

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात राहतात. मुलगी अडीच वर्षांची. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. ताई हिंजवडीला जातात आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतात. मुलगी दिवसभर पाळणाघरात असते. सासू-सासरे साताऱ्याला, अधूनमधून येऊन राहतात. ताईंनी लिहिलंय ते थोडक्यात असं: "नवरा चांगला आहे, सांगितलं की सगळं करतो. शनिवार-रविवारी मला दोन-तीन तास मिळतातही. पण आराम झाल्यासारखं वाटत नाही. पूर्वी गाणं शिकत होते, टेकडीवर जायचे. आता सगळे झोपले की साडेबारापर्यंत मोबाईल बघत बसते आणि सकाळी स्वतःचाच राग येतो. मुलीवर जीव आहे, तरी मी आनंदी नाही. माझ्यात काही खोट आहे का? हे कधी संपतं? आणि घरचे आता दुसऱ्या मुलाचं विचारताहेत, त्यांना काय सांगू?"

मी पुण्यात समुपदेशक आहे आणि लहान मुलांचे आईवडील हेच माझं मुख्य काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, खोट नाही. मुलावर जीव असणं आणि तरी दिवस आनंदात न जाणं, या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी असू शकतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्या दिवसाचा प्रसंगवार हिशोब लिहायला लावला होता: काय करत होतात आणि तेव्हा कसं वाटत होतं. २००४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आनंदाच्या क्रमवारीत मुलांना सांभाळण्याचा वेळ हा टीव्ही बघणं आणि स्वयंपाक करणं यांच्याही खाली आला. घरकामाच्या जेमतेम वर. या बायकांचं मुलांवर प्रेम नव्हतं, असा त्याचा अर्थ नाही. पुढे २००९ साली मॅथ्यू व्हाइट आणि पॉल डोलन यांनी 'मजा आली का' आणि 'सार्थकी लागलं असं वाटलं का' हे दोन प्रश्न वेगळे करून विचारले, तेव्हा मुलांबरोबरचा वेळ मजेपेक्षा सार्थकतेत कितीतरी वर गेला. तुम्ही स्वतःला मजेचा प्रश्न विचारताय आणि उत्तर नकारार्थी आलं की त्याचा अर्थ 'मी वाईट आई आहे' असा लावताय. तो अर्थ चुकीचा आहे.

पण मी तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, म्हणून एक गोष्ट आधी तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटतंय, ज्यात पूर्वी रस होता त्यातला रस पूर्ण गेलाय, मुलगी गाढ झोपली असतानाही झोप लागत नाही, भूक बदललीये, कारण नसताना रडू येतं, किंवा 'मी नसते तर बरं झालं असतं' असा विचार डोकावतोय, असं काही असेल तर पुढचे सगळे परिच्छेद बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के होतं. म्हणजे चार-पाच आयांमागे एकीला. मूल दोन वर्षांचं झालं म्हणजे तो धोका टळला असं आपण धरून चालतो, पण वेळेवर उपचार न झालेलं नैराश्य असंच रेंगाळत राहिलेलं मी पाहते. आम्ही सुरुवातीला दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी घेतो, ती एडिनबरा चाचणी म्हणून ओळखली जाते. पाच-सात मिनिटांत होते. कुणाशी लगेच बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन नऊ असताना 'मला मुळी उत्साहच नाही' याचं उत्तर मनात शोधत बसण्यात अर्थ नाही.

दुसरं, परिस्थितीचं. मी पुढे लिहितेय ते नोकरी करणारं जोडपं, एक मूल, शहरातला फ्लॅट हे धरून. एकट्या पालकाला, विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईवडिलांना किंवा रात्रपाळीच्या घराला यातलं बरंच तसंच्या तसं लागू होणार नाही. बीडकडची ऊसतोड कामगार बाई फडाच्या कडेला झोळी बांधून मूल निजवते. तिच्याशी मोकळ्या वेळेचं बोलायचं तर आधी मजुरीचं, पाण्याचं आणि मूल सुरक्षित ठेवायच्या जागेचं बोलावं लागेल. आणि घरात मारहाण, दारू किंवा धाक असेल, तर वेळ वाटून घ्यायच्या गोष्टी करण्याआधी वेगळी मदत घ्यावी लागते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. वेळ मिळत नाही, असं तुम्ही म्हटलेलंच नाही. तुम्ही म्हणताय, दोन-तीन तास मिळतात पण आराम होत नाही. हे वाक्य माझ्या खोलीत मी इतक्या तोंडून ऐकलंय की त्यामागची दुपार मी तुम्हाला न विचारता लिहू शकते. शनिवारी चार वाजता नवरा म्हणतो, "तू बस निवांत, मी आहे ना." तुम्ही आतल्या खोलीत पुस्तक घेऊन पडता. दहा मिनिटांत दार किलकिलं होतं: "तिची निळी बाटली कुठंय?" मग, "केळं देऊ का आत्ता, की सर्दी आहे?" मग बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज, आणि तुम्ही पान तसंच ठेवून कान देता: रडतेय की हसतेय? तेवढ्यात आठवतं, सोमवारी पाळणाघराला सुट्टी आहे आणि दोघांपैकी कुणाची मीटिंग नाही हे अजून बघितलेलं नाही. मग मुलगीच येऊन दारावर थापा मारते. पाच वाजता नवरा मनापासून म्हणतो, "झाला ना तास आराम?" आणि तुम्हाला भांडताही येत नाही, कारण त्याने खरंच तासभर सांभाळलेलं असतं.

दवाखान्यात पाळी संपताना नर्स पुढच्या नर्सला चार्ज देते. कुठल्या खाटेवर कोण, कुणाचं सलाईन कधी संपेल, कुणाला रात्री ताप आला तर काय द्यायचं, हे सगळं सांगून ती निघते. त्यानंतर वॉर्डात काय होतं याला ती जबाबदार नसते, म्हणून तिला घरी जाऊन झोप लागते. तुमच्या घरात मुलीला सांभाळायची पाळी बदलते, पण चार्ज बदलत नाही. तो चोवीस तास तुमच्याकडेच आहे. 'सांगितलं की सगळं करतो' यातला 'सांगितलं' हा भाग म्हणजेच तो चार्ज: काय करायचं हे लक्षात ठेवणं, वेळेवर आठवणं, सांगणं, आणि झालं का ते बघणं. ते काम डोक्यात चालतं, त्यामुळे दिसत नाही, आणि ते चालू असताना शरीर गादीवर पडलेलं असलं तरी माणूस ड्यूटीवरच असतो.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. मॅटिंग्ली आणि बियांची या दोन अमेरिकन संशोधकांनी २००३ साली स्त्री-पुरुषांच्या मोकळ्या वेळेची तुलना केली. बायकांचा वेळ कमी होता, तो तुटक होता आणि बऱ्याचदा मुलं आसपास असताना मिळालेला होता. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: मोकळा वेळ वाढला की पुरुषांची 'सतत घाई आहे' ही भावना जितकी कमी होत होती, तितकी बायकांची होत नव्हती. तोच तास, पण त्याचा गुण वेगळा.

आपल्याकडचे आकडे बघायचे तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापराची पाहणी केली. त्यात ज्या बायकांनी घरातल्या माणसांची देखभाल केली त्यांचा त्यात रोज सरासरी १३४ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ७६ मिनिटं. घरकामात बायकांची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. हे आकडे फक्त ते काम प्रत्यक्ष करणाऱ्यांचे आहेत. पुरुषांमध्ये मुळात घरकाम करणारेच २६ टक्के होते, बायकांमध्ये ८१. आणि लशीची तारीख डोक्यात ठेवण्याची मिनिटं यात कुठे मांडायची?

हे असं का होतं, यावर माझं मत स्पष्ट आहे. मी त्याला स्वभावाचा किंवा मायेचा प्रश्न मानत नाही. मी त्याला सरावाचा प्रश्न मानते. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. खाजगी नोकरीत कायद्याने काहीच नाही, कंपनी देईल ती खरी. म्हणजे आई सहा महिने रात्रंदिवस त्या एका बाळाचा अभ्यास करते. कुठलं रडणं भुकेचं, कुठलं झोपेचं, पोट दुखतंय हे कसं ओळखायचं, हे तिला कळायला लागतं. बाप संध्याकाळी तासभर बाळ हातात घेतो आणि रडलं की परत देतो, कारण समोर तज्ज्ञ बसलेली असते. सातव्या महिन्यात ती कामावर जाते तेव्हा घरात एक तज्ज्ञ आणि एक मदतनीस असं ठरून गेलेलं असतं. कुणी ठरवलेलं नसतं, पण ठरलेलं असतं. जेनिफर ग्लास आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली २२ देशांची तुलना केली तेव्हा मूल असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या आनंदातला फरक सगळीकडे सारखा नव्हता. जिथे पगारी रजा, परवडणारी पाळणाघरं आणि कामाच्या वेळेत लवचिकता होती, तिथे तो फरक जवळजवळ राहत नव्हता. म्हणून ज्यांना हा आपल्या नशिबाचा किंवा लायकीचा प्रश्न वाटतो त्यांना मी हा अभ्यास आवर्जून सांगते.

पूर्वी काय होतं, हेही लोक विचारतात. पूर्वीच्या बायकांवर कामाचा बोजा आजच्याहून जड होता, तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्यात मला रस नाही. पण त्या काळी एक सोय होती ती म्हणजे माहेरपण. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना खोलीबाहेर काम नाही, अळिवाचे लाडू, मालिशवाली बाई, आणि नंतरही मे महिन्यात आणि दिवाळीला चार-आठ दिवस आईकडे. माहेरी गेलं की मूल मावशीच्या, आजीच्या, मामाच्या ताब्यात. ते जेवलं का, कुणी आंघोळ घातली, हे आईने विचारायचंही नाही. खरा चार्ज तिथे सुटायचा, आणि तो मागावा लागत नसे, कारण रीतच तशी होती. आज माहेर दुसऱ्या शहरात, आई स्वतः नोकरीत किंवा गुडघेदुखीत, आणि माहेरी गेलं तरी सकाळी दहाला लॅपटॉप उघडायचाच. रीत गेली, तेव्हा तिचं काम आता ठरवून करावं लागतं.

एक जोडपं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तो चाकणला एका वाहन कारखान्यात, ती शाळेत शिक्षिका, मुलगा तीन वर्षांचा. दोघांचं भांडण रविवारवरून. तो सकाळी सात ते दहा क्रिकेट खेळायला जायचा. बदल्यात ती दुपारी एक ते चार 'पूर्ण मोकळी' होती. तीन तास त्याचे, तीन तास तिचे, मग तक्रार कसली, असा त्याचा प्रश्न होता आणि तो खोटेपणाने विचारत नव्हता. मी दोघांना ते तीन-तीन तास कागदावर लिहायला सांगितले. त्याच्या कागदावर मैदान, मित्र, पोहे, चहा. तिच्या कागदावर: मुलगा झोपलेला, म्हणून घरातच, कुकर लावला नाही, शिट्टीने उठेल, दाराची बेल वाजू नये म्हणून दारापाशीच बसले, पेपर तपासले, अडीचला तो उठला. तिचा सगळा मोकळा वेळ त्या पोराच्या झोपेवर टांगलेला होता. नवऱ्याने कागद वाचला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

त्यांनी वेळा बदलल्या. रविवारी सकाळी ती बाहेर, शनिवारी सकाळी तो. पहिल्या रविवारी ती मैत्रिणीकडे गेली आणि सारखा फोन बघत होती. घरी आली तर पोराने आंघोळ केलेली नव्हती, शर्ट उलटा होता, आणि जाम-पोळी खाऊन स्वारी खुशीत होती. तिच्या तोंडावर आलेलं वाक्य तिने गिळलं. आमचं तसं ठरलं होतं. दुसऱ्या रविवारी मुलगा "आई पाहिजे" म्हणून बराच वेळ रडला आणि नवऱ्याने फोन केला नाही. हा त्यातला सगळ्यात अवघड रविवार. काही आठवड्यांनी ती मला म्हणाली, मी मैत्रिणीकडे जाऊन चक्क झोपते. आणि नवऱ्याला मुलाचं ते झोपेचं रडणं ओळखता यायला लागलं होतं.

तर आतापर्यंतचं एका दमात: तुमचा आजार नाही ना हे बघा, नसेल तर तास कमी आहेत यापेक्षा चार्ज सुटत नाही हे मूळ दुखणं आहे, आणि ते सुटत नाही कारण नवऱ्याला एकट्याने सांभाळायचा सराव झालेला नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: आठवड्यातून एक ठरलेला वेळ, सुरुवातीला दीड-दोन तासच, तुम्ही घराबाहेर. घरातल्या दुसऱ्या खोलीत नाही. दार असलं की मुलगी दार वाजवते आणि नवरा बाटली विचारतो. तुमच्याकडे टेकड्या आहेत. वेताळ टेकडी, तळजाई, जी जवळ असेल ती. जाताना जेवणाची यादी लिहून ठेवू नका, कपडे काढून ठेवू नका. यादी ठेवली की चार्ज तुमच्याकडेच राहिला. अपघात किंवा ताप असेल तरच फोन, हे दोघांनी आधी ठरवा. परत आल्यावर "हे काय घातलंस तिला" हे वाक्य बोलायचं नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. हे मी कळकळीने सांगते, कारण पुष्कळ चांगले बाप या एका वाक्यावर माघारी फिरलेले मी बघितलेत. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर जरूर बोला. उलटा शर्ट हा सुरक्षिततेचा प्रश्न नाही. आणि तितकाच वेळ नवऱ्यालाही मिळायला हवा. तो पत्रात दिसत नाही, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून आलेल्या त्या माणसालाही शेवटचं मोकळं कधी वाटलं होतं, हे एकदा विचारा.

दुसरं, सुटी सुटी कामं वाटू नका, अख्खी खाती वाटा. 'आज तू डायपर आण' याने काही हलकं होत नाही, कारण संपत आलेत हे तुम्हीच बघितलंय. पाळणाघर हे खातं नवऱ्याचं असेल तर बॅग भरणं, सुट्ट्यांची यादी, फी, तिथल्या ताईंशी बोलणं, आजारपणात कुणी घरी थांबायचं याचा विचार, सगळं त्याचं. पाळणाघराच्या फोनमध्ये पहिला नंबर त्याचा द्या. ही छोटी गोष्ट वाटेल, पण दुपारी दोन वाजता ताप आल्याचा फोन कुणाला येतो यावर चार्ज कुणाचा ते ठरतं. डॉक्टर आणि लसीकरण हे दुसरं खातं, कपडे-बूट-मोजे हे तिसरं. वाटणी समसमान व्हायची गरज नाही. ती पूर्ण व्हायची गरज आहे. सुरुवातीला त्याच्या खात्यात काहीतरी राहून जाईल, पाळणाघराच्या कार्यक्रमाला फेटा न्यायचा विसरेल. विसरू द्या. पुढच्या वेळी तो स्वतः लक्षात ठेवील.

तिसरं, आजी-आजोबा. साताऱ्याचे सासू-सासरे आले की तुम्हाला सुटल्यासारखं वाटत असेल, किंवा उलट ताण येत असेल. घराघरात दोन्ही असतं. आजीच्या मदतीवर अख्खं घर उभं करू नका. साठी-पासष्टीतल्या बाईचा स्वतःचा मोकळा वेळ, तिचं भजनी मंडळ, तिचा सकाळचा फेरफटका, हे सगळं आपण नातवंडाच्या नावाने काढून घेतो आणि ती तोंडाने नाही म्हणत नाही. माझ्याकडे अशा आज्याही येतात, पाठदुखी घेऊन आणि मनात अपराधीपणा घेऊन. त्यांना आधी विचारा, किती दिवस जमेल, रात्री मूल जवळ झोपवणं झेपतं का, आणि त्यांचीही सुट्टी ठरवा.

चौथं पैशाचं. परवडत असेल तर संध्याकाळी दोन तास मावशी ठेवा, पण मुलीला सांभाळायला नाही; स्वयंपाकाला. दिवसभर पाळणाघरात असलेल्या मुलीला संध्याकाळी तुम्ही दोघं हवे असता, आणि नेमका तोच वेळ पोळ्या लाटण्यात जातो. आणि तुमच्या कंपनीला विचारा: पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. अनेक जणींना हे माहीतच नसतं, कारण कुणी सांगत नाही.

आता रात्रीच्या मोबाईलबद्दल, कारण त्याचा तुम्हाला राग येतोय. साडेअकरा ते साडेबारा या तासाला तुम्हाला कुणीही हाक मारत नाही. दिवसभरात हा एकच असा तास आहे, म्हणून शरीर थकलेलं असूनही तुम्ही तो सोडत नाही. हा आळस नाही आणि व्यसन म्हणायचीही घाई करू नका. पण तो तास तुम्ही झोपेतून घेताय. जर्मनीतल्या पालकांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं निघालं की पहिल्या बाळंतपणानंतर सहा वर्षांपर्यंत आई आणि बाप दोघांचीही झोप पूर्वीच्या पातळीवर आलेली नव्हती. सगळ्यात मोठी घट अर्थातच पहिल्या तीन महिन्यांत, आणि आईची बापापेक्षा जास्त. म्हणजे मुळात तोट्यात असलेल्या खात्यातून तुम्ही रोज तासभर काढताय. नुसता मोबाईल लांब ठेवून हे सुटणार नाही, मी लोकांना तो सल्ला देत नाही. आधी दिवसाच्या उजेडात कुणी हाक न मारणारा वेळ तयार करा, मग रात्रीचा आपोआप आखडतो. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलीला झोपवणं पूर्णपणे नवऱ्याचं करा आणि त्या दोन दिवशी साडेनऊलाच आडवं व्हा. सुरुवात एवढ्यावर पुरे.

गाण्याचं राहिलं. परत क्लास लावून परीक्षेला बसायचं मनात असेल तर आत्ता नको. चुकलेल्या तासांचा हिशोब आणखी एक ओझं होईल. पण रियाज सोडू नका. फोनवर तानपुरा लावून वीस मिनिटं, मुलगी पाळणाघरात असताना, घरून काम करायच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. मुलगी समोर बसून तुमच्याबरोबर सा लावत असेल तर तेही करा, छानच आहे, पण ते तुमच्या वीस मिनिटांत धरू नका. मुलांबरोबरची मजा आणि आपला एकटीचा वेळ, दोन्ही लागतं, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व असतो. एक संध्याकाळ आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि नवऱ्याला दाखवा.

हे कधी संपतं? शारीरिक धावपळ साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी उतरायला लागते. स्वतः जेवणं, शी-शू सांगणं, रात्रभर झोपणं, अर्धा तास एकटीने खेळणं, हे एकेक येत जातं. प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना नको. पण मी बघते ते हे की तास मोकळे होतात तेव्हा ते आपोआप आईकडे येत नाहीत. तिथे लगेच शाळेचा प्रोजेक्ट, पोहण्याचा क्लास, शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज येऊन बसतात, आणि ज्याच्याकडे चार्ज असतो त्याच्याच गळ्यात पडतात. अडीचव्या वर्षी जी घडी बसलेली असते तीच दहाव्या वर्षी दिसते. म्हणून 'अजून एक वर्ष, मग सगळं नीट होईल' म्हणून थांबू नका.

आणि दुसरं मूल. हवं की नको, हे मी सांगणार नाही. तो तुम्हा दोघांचा निर्णय आहे आणि घरच्यांना "आमचं ठरलं की आम्हीच सांगू" एवढं उत्तर पुरे, तेही शक्यतो नवऱ्याने आपल्या आईवडिलांना द्यावं. मी एवढंच म्हणेन की निर्णय या थकव्यात घेऊ नका, होकाराचाही नाही आणि नकाराचाही नाही. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी सहा महिने मागते. आधी रक्ततपासणी, मग आठवड्याचा बाहेरचा वेळ, मग एक-दोन खाती पूर्ण हस्तांतरित. सहा महिन्यांनी नवरा मुलीला घेऊन एकटा साताऱ्याला दोन दिवस राहून येऊ शकतो का, आणि तुम्ही ते दोन दिवस फोन न करता काढू शकता का, हे करून बघा. जमलं, तर दुसऱ्याबद्दल बोलायला बसा. नाही जमलं, तर नेमकं कुठे अडलं ते लिहून ठेवा आणि आधी तेवढंच सोडवा.